आवरण्याआधी थोडे राहून घ्या

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे परदेशातून कायमचे घरी परतण्याविषयी होती. ती एकत्र घेत आहे.

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, मंगळवार पेठेतले. पतींच्या नोकरीनिमित्त गेली सात वर्षे टोकियोच्या निशी-कासाई भागात राहत आहोत. सासूबाई आता घरात एकट्या पडल्या आहेत आणि मुलगी आणखी वरच्या इयत्तेत गेली की तिला हलवणे अवघड होईल, म्हणून एप्रिलच्या मध्यावर कायमचे परतायचे ठरवले आहे. निर्णय आमचा आहे आणि त्याबद्दल मनात किंतु नाही. हातात सात आठवडे आहेत, पण ते मी जगते आहे असे वाटतच नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कामांची यादी लावली आहे. एक काम खोडले की खाली दोन वाढतात. उरलेल्या सुट्ट्यांमध्ये पतींना होक्काइदो, हिरोशिमा असे राहिलेले सगळे पाहून घ्यायचे आहे. साताऱ्याहून रोज फोन येतो आणि तिकडे सगळे इतके आनंदात असतात की, इथून निघताना मला वाईट वाटते आहे हे बोलून दाखवायचीही चोरी झाली आहे. संध्याकाळी कामावरून येताना आमची मेट्रोगाडी भुयारातून वर येते आणि सव्वा किलोमीटरच्या पुलावरून अराकावा आणि नाकागावा या शेजारी शेजारी वाहणाऱ्या दोन नद्या ओलांडते. सात वर्षे हा पूल आला की मी मान वर करून बाहेर बघत असे. हल्ली मोबाइलवर यादी बघत असते. मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळेला निघताना ती दारात रोज ‘इत्तेकिमास’ म्हणते, म्हणजे आपले ‘जाऊन येते’. परवा बूट घालता घालता तिने विचारले, ‘आई, शेवटच्या दिवशी शाळेतून निघताना काय म्हणायचं?’ मला उत्तर देता आले नाही. हे सात आठवडे नीट कसे घालवावेत?

उत्तर : ताई, मी स्वतः साडेआठ वर्षे इंग्लंडमधील लीड्स येथे राहून २००४ साली साताऱ्याला परतले, आणि तेथील शेवटचे पाच आठवडे ज्या रीतीने घालवले त्याची हळहळ मला आजही वाटते, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहीत आहे.

आम्हीही राहिलेले सगळे पाहून घेण्याच्या मागे लागलो होतो. एका शनिवारी एडिनबरो, पुढच्या शनिवारी लेक डिस्ट्रिक्ट, त्यानंतर व्हिटबीचा समुद्र. ही ठिकाणे सुंदरच आहेत, त्यांचे फोटोही घरात आहेत. परंतु लीड्सची आठवण येते तेव्हा त्यांपैकी एकही माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. डोळ्यांपुढे येतो तो कर्कगेट मार्केटमधील कापडाचा एक गाळा. मला गोधड्या शिवायची आवड आहे. त्या गाळ्यावरच्या बाई ताग्यातून उरलेले सुती तुकडे माझ्यासाठी कागदी पिशवीत घालून बाजूला ठेवत, आणि दर शनिवारी मी ती पिशवी घेऊन येत असे. शेवटचे चारही शनिवार आम्ही बाहेरगावी होतो आणि आम्ही कायमचे निघालो आहोत हे त्यांना सांगायचे राहून गेले. मी गेल्यावरही त्यांनी काही आठवडे पिशवी भरून ठेवली असणार. त्या तुकड्यांची एक गोधडी अजून आमच्या वापरात आहे. तिच्या एका कडेला निळ्या रेघांचे कापड आहे, आणि थंडीत ती अंगावर ओढताना माझा हात नेमका त्या पट्टीवर जातो.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, राहिलेले पाहण्यापेक्षा रोजचे पुन्हा एकदा करा. होक्काइदोला पाहुणे म्हणून पुढे कधीही जाता येईल. निशी-कासाईत मात्र तिथलीच एक म्हणून तुम्हाला पुन्हा राहता येणार नाही. भाजीवाल्याने न विचारता नेहमीची भाजी पुढे करणे, दवाखान्यात नाव न सांगता ओळखले जाणे, कचरा कोणत्या वारी कोणता ठेवायचा हे डोक्यात पक्के असणे, या गोष्टी तिकीट काढून मिळत नाहीत. पतींचे मन मोडू नका. सात आठवड्यांत एक प्रवास त्यांच्या आवडीचा अवश्य करा, पण एकच. बाकीचे शनिवार-रविवार आपल्या वस्तीतच घालवा.

‘आता थोडेच दिवस उरले’ हा विचार बहुतेकांना नकोसा वाटतो आणि तो टाळण्यासाठीच माणूस कामात बुडून घेतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेमी कुर्ट्झ यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना, निरोपाला सुमारे सहा आठवडे उरले असताना, दोन आठवडे आपल्या महाविद्यालयाविषयी लिहायला सांगितले होते. काहींच्या मनावर शेवट अगदी जवळ आला आहे असे बिंबवले, तर काहींना अजून बराच वेळ आहे असे भासवले. शेवट जवळ आहे असे वाटणाऱ्यांनी त्या दिवसांत महाविद्यालयाशी संबंधित गोष्टींत अधिक भाग घेतला. दिवस मोजण्यात अशुभ काही नाही. भिंतीवर कामांची यादी आहेच, तिच्या शेजारी एक साधे कॅलेंडर लावा आणि मुलीसह रोज एक चौकोन खोडा.

आता कामांविषयी. ती खरी आहेत आणि टाळता येणारी नाहीत, पण ती सातही दिवस पसरू देऊ नका. आठवड्याचे दोन दिवस त्यांना नेमून द्या आणि उरलेल्या दिवशी यादीकडे पाहू नका. जी कामे दुसऱ्याच्या तारखेवर अवलंबून आहेत ती आधी उरका. मोठ्या सामानाच्या कचऱ्यासाठी तिथे आगाऊ वेळ घेऊन, शुल्काची चिठ्ठी विकत घेऊन ती वस्तूवर चिकटवावी लागते, आणि टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन व एसी त्यात घेत नाहीत. त्यांच्या पुनर्वापराचे शुल्क वेगळे भरावे लागते. वॉर्ड कार्यालयात स्थलांतराची नोंद निघण्याआधी करावी लागते आणि रहिवासी कार्ड विमानतळावर परत करायचे असते. सात वर्षे भरलेल्या निवृत्तिवेतनाच्या वर्गणीबाबत मात्र मुळीच घाई करू नका. ती एकरकमी परत मागण्यास देश सोडल्यानंतर दोन वर्षांची मुदत असते. भारत आणि जपान यांच्यात १ ऑक्टोबर २०१६ पासून सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे, त्यामुळे दोन्ही देशांतील नोकरीचा काळ पात्रतेसाठी एकत्र धरता येतो. एकदा रक्कम उचलली की ती वर्षे हिशेबातून जातात. उचलायचीच ठरली, तर नोकरदारांच्या निवृत्तिवेतनातून मिळणाऱ्या रकमेवर २०.४२ टक्के कर कापला जातो आणि तो परत मिळवण्यासाठी तिथे एक कर-प्रतिनिधी, म्हणजे तुमच्या वतीने कराचे काम पाहणारा माणूस, नेमावा लागतो. तो निघण्यापूर्वीच नेमून ठेवलेला बरा. एखाद्या विश्वासू स्नेह्याला आजच विचारा. इकडे आल्यावर बँकेला कळवून आपली एनआरई (अनिवासी भारतीयांची) खाती निवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतील, पण ते काम साताऱ्यात पोहोचल्यावरचे आहे. आत्ताच्या यादीतून ते खोडून टाका.

घर लवकर रिकामे करू नका, हे मी विशेष आग्रहाने सांगते. सोय म्हणून लोक महिनाभर आधीच जेवणाचे टेबल, पडदे, दिवे देऊन टाकतात आणि मग उरलेले दिवस जमिनीवर बसून कागदी ताटल्यांत जेवतात. ज्या घरात सात वर्षे संसार केला त्या घरात शेवटचे तीन आठवडे धर्मशाळेतल्यासारखे काढायचे, हे मनाला फार लागते, आणि मुलांना तर अधिकच लागते. घेणाऱ्यांना वस्तू आधी दाखवा, नावे लिहून ठेवा, पण ताबा शेवटच्या तीन दिवसांत द्या. तुमच्याकडे भाताचा कुकर असणारच. तिथला वीजपुरवठा १०० व्होल्टचा आणि आपल्याकडचा २३० व्होल्टचा, त्यामुळे तो इथे तसाच चालणार नाही आणि त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर वागवत बसण्यात अर्थ नाही. शेवटच्या रात्रीचा वरणभात त्याच कुकरात करा, सकाळी तो धुऊन, पुसून, वायर गुंडाळून शेजारच्या एखाद्या नव्या जोडप्याला द्या. ज्याच्या हातात द्याल त्याला पाण्याची खूण किती, झाकण कुठे अडकते, हेही सांगा. वस्तूला अशा रीतीने निरोप दिला की तिचे ओझे राहत नाही.

माणसांच्या बाबतीत एक यादी जरूर करा, आणि ती फक्त मित्रमैत्रिणींची नको. त्यांच्या जेवणावळी ठरतीलच, किंबहुना नको इतक्या ठरतील. त्यांपैकी काहींना नम्रपणे नाही म्हणा किंवा चार घरांना एकाच दिवशी बोलवा. यंदाचा पाडवा तिथला शेवटचा आहे, गुढी उभारा आणि वरच्या-खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना श्रीखंड-पुरी खायला बोलवा. पण खरी यादी ज्यांचे नावही कदाचित तुम्हाला ठाऊक नाही अशांची आहे : भाजीवाला, शाळेसमोरच्या रस्त्यावर झेंडी घेऊन मुलांना पलीकडे नेणारे आजोबा, केस कापणाऱ्या बाई, इमारतीची देखभाल करणारे काका. जपानमध्ये घर बदलताना शेजाऱ्यांकडे छोटी भेट घेऊन जाण्याची पद्धत आहे, तेव्हा तुम्ही दारात उभ्या राहिलात तर कुणाला वावगे वाटणार नाही. घरी रव्याचे लाडू करा, छोट्या डब्यांत चार-चार घाला आणि स्वतः जाऊन द्या. निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन आठवडे आधी. म्हणजे त्यांनाही काही बोलायचे असेल तर उद्या-परवा पुन्हा भेट होईल.

मुलीचा प्रश्न मात्र मी तुमच्याकडून काढून घेऊन तिच्या बाईंकडे सोपवीन. शेवटच्या दिवशी काय म्हणायचे, हे तिला तिच्या वर्गशिक्षिकेलाच विचारू द्या. तो शब्द तिला त्या भाषेतच मिळाला पाहिजे. शाळेचे वर्ष मार्चअखेर संपते, म्हणून तुम्ही बाईंना आत्ताच भेटून सांगा, नाहीतर सुट्टी लागेल आणि मित्रमैत्रिणींचा निरोप राहून जाईल. आपली रीत थोडी निराळी आहे. आपण कायमचे निघालो तरी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. त्यात माया आहे, पण नऊ वर्षांच्या मुलीला त्यातून आपण खरोखरच परत येणार आहोत असे वाटू देऊ नका. आपण आता इथे राहायला येणार नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा आणि ती रडली तर समजूत घालायची घाई करू नका. तिच्याजवळ बसा.

तेच तुमच्याही बाबतीत. सासूबाईंना आणि घरच्यांना एकदा सांगून टाका : ‘आम्ही आनंदाने येतो आहोत, पण इथून निघताना मला वाईट वाटते आहे.’ सातारकरांना हे कळत नाही असे समजू नका. या जिल्ह्यातल्या जावळी-पाटणच्या कितीतरी घरांतली माणसे माथाडी कामासाठी मुंबईला गेली, अपशिंग्यासारख्या गावात घराघरांतून जवान सैन्यात गेले. आयुष्य बाहेर काढून गावी आलेल्या माणसाचे लक्ष काही दिवस मागे ओढ घेते, हे आपल्या आजी-आयांनी जवळून पाहिले आहे. तुमच्या सासूबाईंनीही पाहिले असेल.

आल्यावर काय होईल, तेही थोडे सांगते, म्हणजे बेसावध राहणार नाही. परदेशी गेलेल्या माणसाचे मन आधी उंचावते, मग खचते, मग सावरते, असे नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ साली मांडले, आणि जॉन व जीन गुलाहॉर्न यांनी १९६३ साली त्याला पुस्ती जोडली की, मायदेशी परतल्यावर हेच चक्र पुन्हा एकदा फिरते. मला ते परतल्यावर चौथ्या महिन्यात जाणवले. कास पठार फुलले होते, घरचे सगळे तिकडे निघाले होते, आणि मला लीड्सच्या पावसात बससाठी उभे राहावेसे वाटत होते. त्यात कृतघ्नपणा नव्हता. त्या दिवसांत माझ्याकडे लीड्सच्या रोजच्या जगण्याचे काहीच टिपून ठेवलेले नव्हते, होते ते सहलींचे फोटो. तुम्ही रोज रात्री चार ओळी लिहा, नुसत्या दिसलेल्या गोष्टींच्या : काय खाल्ले, गाडीत शेजारी कोण होते, दुकानदार काय म्हणाला. बाजारातला, स्टेशनातला आवाज मोबाइलवर मिनिटभर टिपून ठेवा. तुमच्या दारातले ‘इत्तेकिमास’ही टिपा, मुलीला न सांगता.

आणि तो पूल. क्षेत्र माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर आपण जशी गाडी कडेला घेऊन दोन मिनिटे उभे राहतो, तसे एका संध्याकाळी मुलीला घेऊन नदीकाठी चालत जा. नेहमी तुम्ही गाडीतून नदी पाहिलीत. एकदा नदीकाठावरून तुमची गाडी जाताना पाहा.

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यातला. अकरा वर्षे दुबईत एका कंपनीत सुपरवायझर होतो. आमचा विभागच बंद झाला आणि महिन्याची नोटीस हातात पडली. देरा भागात आम्ही सहा जण एका खोलीत राहतो. गावी बायको आणि दहावीतला मुलगा आहे. नोकरी गेल्याचे त्यांना अजून सांगितलेले नाही, सुट्टीवर येतो असे सांगितले आहे. स्वतःहून परतणाऱ्यांचे वेगळे असते. माझ्यासारख्याने या शेवटच्या दिवसांत काय करावे?

उत्तर : भाऊ, आज रात्री पत्नीला फोन करून खरे सांगा, ही पहिली गोष्ट. अकरा वर्षे तुम्ही दूर राहिलात ते तिच्या भरवशावर. ही बातमी तिला विमानतळावर किंवा शेजाऱ्यांकडून कळू नये. ते ओझे उतरल्याशिवाय तुम्हाला तिथला एक दिवसही धड जाणार नाही.

दुसरी गोष्ट हक्काच्या पैशाची. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांच्या मूळ वेतनाइतकी असते. अकरा वर्षांचा हिशेब २८५ दिवसांच्या मूळ वेतनाचा होतो. कामाचा करार संपल्यापासून १४ दिवसांत सर्व देणी मिळायला हवीत. हा आकडा स्वतः कागदावर मांडा आणि तपासल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका. आलेल्या पैशातून सोने, टीव्ही, सगळ्यांना भेटी, असे काहीही घेऊ नका. मुलाची दहावी आहे, आणि गावी आल्यावर सहा महिने शांत डोक्याने काम शोधता आले पाहिजे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. आपल्या मर्जीने निघालो नाही म्हणून त्या अकरा वर्षांवर काळी शाई फिरवू नका. ती वर्षे तुम्ही कष्टाने काढली आहेत आणि त्यांतूनच घर चालले आहे. खोलीतल्या पाच जणांचा निरोप नीट घ्या. एका शुक्रवारी त्यांच्यासाठी तुम्ही स्वतः मटण-भाकरी करा, स्वयंपाकाची पाळी तुमची नसली तरी. आणि एका संध्याकाळी खाडीवर जा. एक दिऱ्हॅम देऊन अब्रात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या छोट्या होडीत, बसा आणि पलीकडच्या काठाला जाऊन या. अकरा वर्षांत ज्या इमारतींवर तुमचा हात लागला असेल त्यांच्यापैकी एखादीसमोर उभे राहून एक फोटो काढा आणि मुलाला पाठवा. बापाने तिथे नेमके काय केले, हे त्याला ठाऊक असू द्या.

प्रश्न : मी गोडोलीला राहते. मुलगा, सून आणि नातू नऊ वर्षांनी परदेशातून कायमचे येत आहेत. पाचच आठवडे राहिले. घराला रंग काढायला घेतला आहे, तिसऱ्या दिवशी सत्यनारायण ठेवला आहे, साठेक माणसे होतील. मी रोज फोन करते, पण सून हल्ली तुटक बोलते. तिला यायचे नाही की काय, अशी शंका येते.

उत्तर : वहिनी, पहिल्या पत्रातील ताईंचे म्हणणे वाचलेत तर तुमच्या सुनेच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज येईल. तिला यायचे नाही असे नाही. तिच्या घरात खोकी पडली आहेत, डोळ्यांत पाणी आहे आणि फोनवर तिला आनंदी असावे लागते. रोजचा फोन दोन दिवसांआड करा आणि ‘कधी येताय, काय काय आणताय’ याऐवजी ‘आज कोणाकडे गेली होतीस, तुझी ती मैत्रीण काय म्हणाली’ असे विचारा. तुमच्या एका प्रश्नाने ती मोकळी बोलू लागेल असा मला भरवसा आहे.

सत्यनारायण पुढच्या पौर्णिमेला ठेवा. तिसऱ्या दिवशी त्यांची झोपही जागेवर आलेली नसेल, आणि साठ जणांच्या ‘आता इथेच ना?’ला साठ वेळा उत्तर देण्याचे बळ तर मुळीच नसेल. पहिला आठवडा घरच्यांचाच असू द्या. नातवाला त्याच्या तिथल्या मित्रांशी फोनवर बोलू द्या, वेळी-अवेळी असले तरी. आणि रंगाऱ्याला त्यांच्या खोलीपुरते थांबवा. त्या भिंतींचा रंग सुनेला विचारून मग सांगा.